लपवलेले रेस्ट (एकाच स्टाफवर अनेक व्हॉइस असताना)

लपवलेला रेस्ट म्हणजे नोटेशनच्या (कॉम्प्युटरवर लिहिलेल्या स्वरलिपीच्या) फाइलमध्ये असलेला, बारच्या (ठरावीक बीटच्या एका खान्याच्या) हिशोबात धरलेला, पण छापून आलेल्या कागदावर न दिसणारा विराम. एका स्टाफवर (पाच रेघांच्या पट्टीवर) दोन किंवा जास्त व्हॉइस (स्वतंत्र चालणाऱ्या सुरांच्या ओळी) लिहायला घेतले की हा हमखास भेटतो. नवीन माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो की मी तर खाली एकच नोट टाकली, मग हे बाकीचे रेस्ट कुठून उगवले?

उगवतात ते मोजणीमुळे. समजा 4/4 चा, म्हणजे 4 बीटचा बार आहे, वरच्या व्हॉइसमध्ये 4 क्वार्टर नोट (प्रत्येकी 1 बीट) आहेत आणि खालच्या व्हॉइसमध्ये तिसऱ्या बीटवर एक हाफ नोट (2 बीट) हवीय. वाजवणाऱ्याला यात काही अडचण नाही, वरच्या नोटा बघत तो तिसऱ्या बीटपर्यंत आपोआप पोचतो. पण सॉफ्टवेअर प्रत्येक व्हॉइस वेगळा मोजतं आणि बहुतेक प्रोग्रामना त्या व्हॉइसचे पण 4 बीट पूर्ण भरलेले लागतात, म्हणून पहिल्या 2 बीटच्या जागी हाफ रेस्ट येऊन बसतो. बारच्या मधेच एका बीटपुरता दुसरा व्हॉइस आला तर मागे-पुढे दोन्हीकडे रेस्टची गर्दी होते आणि पान भरल्यासारखं दिसायला लागतं.

आता लपवायचं की ठेवायचं, खरा प्रश्न हा आहे आणि तो सॉफ्टवेअरचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. पियानो किंवा गिटारच्या पीसमध्ये एखादी बेसची नोट नुसती डोकावून जात असेल तर तिच्या आधीचा रेस्ट लपवला तरी कोणाचं काही बिघडत नाही. फ्यूगमध्ये (एकच धून व्हॉइस एकामागून एक उचलतात अशा रचनेत) मात्र प्रत्येक व्हॉइस म्हणजे एक वेगळा गायकच समजायचा, तो थांबला कधी आणि परत आला कधी हे रेस्टवरूनच कळतं, तिथे सफाईच्या नादात रेस्ट उडवले की सगळी वीणच उसवते. कॉयरमधले सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज) आणि आल्टो (खालचा) एकाच स्टाफवर असतील तर आल्टो गाणारी बाई फक्त खालची ओळ बघत असते, तिचा रेस्ट गायब केला तर तिने गप्प बसायचं की वरचीच नोट गायची? 2 बासऱ्या एका स्टाफवर असतात तेव्हा पण हाच घोळ होतो. माझं मत विचाराल तर शंका असेल तिथे रेस्ट राहू द्यावा, थोडी गर्दी चालते पण चुकीची एन्ट्री चालत नाही.

लपवणं आणि डिलीट करणं यात लोक फार गल्लत करतात. म्यूझस्कोर या नोटेशनच्या प्रोग्राममध्ये एका स्टाफवर 4 व्हॉइस मिळतात, पहिला निळा, दुसरा हिरवा, तिसरा नारिंगी, चौथा जांभळा. यातल्या पहिल्या व्हॉइसचे रेस्ट डिलीट होतच नाहीत, ते फक्त लपवता येतात (सिलेक्ट करून व्ही दाबायचं, स्क्रीनवर ते करड्या रंगात दिसत राहतात आणि प्रिंटमध्ये येत नाहीत). व्हॉइस 2 ते 4 चे रेस्ट मात्र सरळ डिलीट करता येतात, मग तिथे रिकामी फट राहते. नको असलेला रेस्ट दुसऱ्या व्हॉइसमध्ये असेल तर लपवण्यापेक्षा डिलीट केलेलं बरं, फाइल स्वच्छ राहते. सिबेलिअसमध्ये पण 4 व्हॉइस आहेत आणि तिथे गंमत अशी की नोटवर डिलीट दाबलं की रेस्ट होतो आणि त्या रेस्टवर परत डिलीट दाबलं की तो लपतो, म्हणजे माणसाला वाटतं उडाला, पण तो असतो तिथेच. फिनालेमध्ये 4 लेयर आणि प्रत्येक लेयरमध्ये 2 व्हॉइस अशी रचना होती. ते 2024 मध्ये बंद झालं पण जुन्या फाइली अजून फिरतात, आणि त्या दुसरीकडे उघडल्या की त्यातले लपवलेले रेस्ट पण सोबत येतात.

2016 मध्ये आलेल्या डोरिकोने विचारच वेगळा केला. तिथे व्हॉइस हवे तेवढे करता येतात आणि नोटांच्या मधली रिकामी जागा प्रोग्राम स्वतःच रेस्टने भरतो. ते नको असतील तर रिमूव्ह रेस्ट्स ही कमांड द्यायची, मग व्हॉइस या नोटपासून सुरू होतो आणि त्या नोटपाशी संपतो अशी खूण त्या नोटांवरच लागते. लिलीपॉन्डमध्ये सगळं टाइप करून लिहायचं असतं, तिथे छोटा आर म्हणजे दिसणारा रेस्ट आणि एस म्हणजे तेवढाच वेळ घेणारी पण न दिसणारी जागा, त्यामुळे निर्णय लिहितानाच होऊन जातो, नंतर साफसफाई करत बसावं लागत नाही.

दोन्ही व्हॉइस एकाच वेळी थांबत असतील तर लपवण्याआधी मर्जचा पर्याय बघावा. दोन व्हॉइस असले की वरचा रेस्ट वर सरकतो आणि खालचा खाली. दोन्ही एकाच जागी आणि एकाच लांबीचे असतील तर त्यांचा एकच रेस्ट करून मधोमध दाखवायची सोय म्यूझस्कोर, फिनाले, लिलीपॉन्ड या सगळ्यांत आहे. हाताने एक लपवला तर उरलेला तसाच वर किंवा खाली लटकत राहू शकतो, आणि घाईत काम केलंय हे त्यावरून लगेच ओळखू येतं. मर्ज होत नाही अशी तक्रार असेल तर आधी लांबी बघा, बहुतेक वेळा वर हाफ रेस्ट असतो आणि खाली 2 क्वार्टर रेस्ट.

लपवलेल्या रेस्टचा त्रास नंतर होतो. प्लेबॅकमध्ये काही फरक पडत नाही त्यामुळे ऐकून कळत नाही, पण पार्ट (एकेका वाद्याची वेगळी पानं) काढले की सलग रिकामे बार एकत्र होऊन एकच लांब रेस्ट यायला हवा तिथे मधेच तुकडे पडतात, कारण त्यातल्या कुठल्यातरी बारमध्ये दुसऱ्या व्हॉइसचा एखादा लपवलेला रेस्ट बसलेला असतो. अशा वेळी न दिसणाऱ्या गोष्टी स्क्रीनवर दाखवायचा व्ह्यू चालू करून शोधाशोध करावी लागते. मी स्वतः एकदा अर्धी संध्याकाळ ब्रेक कुठून येतोय ते शोधत बसलो होतो आणि शेवटी एकच करडा क्वार्टर रेस्ट निघाला.

फाइल म्यूझिकएक्सएमएलमधून (नोटेशनची देवाणघेवाण करायचा फाइलचा प्रकार) दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेताना पण हा फरक जाणवतो. लपवलेला रेस्ट तिथे 'छापू नको' अशी खूण लावलेला रेस्ट म्हणून लिहिता येतो, आणि रिकामी फट असेल तर रेस्ट न लिहिता 'एवढं पुढे सरक' एवढंच सांगितलं जातं. ब्रेल स्वरलिपीत तर वेगळीच तऱ्हा आहे, छापील पानात नसलेला रेस्ट लिप्यंतर करणाऱ्याने मोजणीसाठी घातला तर त्याच्या आधी 5 नंबरचा टिंब देतात, म्हणजे बोटाने वाचणाऱ्याला कळतं की हा मूळ पानात दिसत नव्हता.