ट्री सर्जन (ब्रिटनमधील व्यवसाय)

ट्री सर्जन : उभ्या झाडावर चढून त्याची छाटणी करणारा, किंवा जागच्या जागी आडवे पाडता न येणारे झाड तुकड्यातुकड्यांनी खाली उतरवणारा प्रशिक्षित कारागीर. औपचारिक नाव आर्बोरिस्ट. घरमालक मात्र फोन करतात तो ट्री सर्जनलाच. तीन-चार माणसांची टोळी, साडेतीन टनी टिपर (मागचा हौदा उचलून माल ओतणारी गाडी), त्याच्यामागे जोडलेला चिपर (फांद्यांच्या कपच्या करणारे यंत्र) आणि दोरांच्या पिशव्या एवढ्या भांडवलावर बहुतेक छोटे धंदे चालतात. जंगलातल्या लाकूडतोडीशी याचे नाते दूरचे आहे. तिथे झाड मोकळ्या जागेत पाडता येते. इथे खाली कोणाचे तरी काचेचे हरितगृह असते, बाजूला शेजाऱ्याचे कुंपण आणि वरून टेलिफोनची तार.

नावातली शल्यक्रिया एका जुन्या समजुतीतून आली. इंग्लंडमधील सॉमरसेटमध्ये १८४६ साली जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत ओहायोत स्थिरावलेल्या जॉन डेव्ही यांनी १९०१ मध्ये ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक काढले. झाडावर उपचार करता येतात ही कल्पना त्यातून रुजली. ढोलीतले कुजके लाकूड कोरून काढायचे, पोकळी सिमेंटने भरायची, फांदी कापलेल्या जागी काळा रंग फासायचा, असे काम मग कित्येक दशके चालले. अमेरिकी वनसेवेतील ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून आत कूज कशी पसरते ते पाहिले आणि १९७७ मध्ये वेगळेच चित्र मांडले. माणसाची जखम नव्या पेशींनी भरून येते, तशी झाडाची येत नाही. झाड सडका भाग भिंती घालून कोंडते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. भरीव सिमेंट आणि काळा रंग दोन्ही मोडीत निघाले. नाव तेवढे टिकले.

शिगोंचा खरा परिणाम दिसतो तो करवत कुठे टेकवायची यात. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा किंचित फुगवटा असतो, त्याला कॉलर म्हणतात. काप या फुगवट्याच्या लगेच बाहेर हवा. खोडाला अगदी चाटून कापले तर झाडाची कोंडण्याची जागाच जाते. खुंट ठेवला तर तो सडत आत शिरतो. जड फांदी एका कापात काढत नाहीत. आधी कॉलरपासून थोडे लांब खालून अर्धवट खाच, मग तिच्या जरा पुढे वरून काप. फांदी स्वतःच्या वजनाने मोडून पडते, पण खालच्या खाचेमुळे सालीची पट्टी सोलत खोडावर येत नाही. उरलेला खुंट शेवटी हलक्या हाताने कॉलरशी काढायचा. हा तिसरा काप बरेच जण अजूनही वाकड्या पात्याच्या जपानी हातकरवतीने घेतात. काप स्वच्छ बसतो आणि घाई होत नाही.

करवत चालवायला दोन्ही हात लागतात, म्हणून झाडाला धरून राहण्याचे काम दोराकडे जाते. या व्यवसायातील बहुतेक सामग्री याच एका अडचणीभोवती वाढली आहे. छर्रे भरलेली छोटी पिशवी बारीक दोरीला बांधून उंच बेचक्यातून पलीकडे फेकायची आणि त्या दोरीने जाड दोर ओढून घ्यायचा. वाऱ्यात याला दोन मिनिटेही लागतात आणि अर्धा तासही, आणि खाली उभ्या सहकाऱ्यांच्या टोमण्यांना तेवढा वेळ ऊत येतो. दोर साधारण ११ ते १३ मिलिमीटर जाडीचा असतो. हार्नेस (चढणाऱ्याच्या अंगाला बांधलेला पट्ट्यांचा साज) त्याला जोडतात तो प्रुसिकसारख्या गाठीने: वजन पडले की ती आवळते, हाताने दाबली की सरकते. अलीकडे गाठीच्या जागी धातूच्या कड्यांची यंत्रे आली आहेत. शिवाय कमरेभोवतून खोडाला घालायचा एक पट्टा असतो. कापताना बहुधा आत पोलादी तार असलेला वापरतात, म्हणजे करवतीची साखळी चुकून लागली तरी एका फटक्यात तुटत नाही. बुटांना बांधायचे लोखंडी काटे फक्त पाडायच्या झाडावर चालतात. छाटणीसाठी काटे लावून चढणारा कारागीर प्रत्येक पावलागणिक सालीला भोक पाडतो, आणि तेवढ्यावरून जाणकार गिऱ्हाईक त्याची पारख करते.

झाडावर न्यायची चेनसॉ (यंत्रावर चालणारी साखळी-करवत) लहान असते आणि तिची मूठ वरच्या बाजूला असते. ती एका हाताने चालवण्याचा मोह होतोच, अपघातही त्यातूनच होतात. बॅटरीच्या करवती पसरल्या आहेत. धूर नाही हे त्यांचे एक कारण. पण कामगारांना त्यांचे मोल वाटते ते शांततेमुळे, वरच्याची हाक खाली ऐकू येते. विजारीच्या आत लांब धाग्यांचे थर शिवलेले असतात. फिरती साखळी कापडाला लागली की धागे उपसून तिच्या चक्रात गुंततात आणि ती थांबते. जमिनीवरच्याला समोरून संरक्षण देणारी विजार पुरते, चढणाऱ्याला सगळीकडून देणारी लागते. उन्हाळ्यात ती अंगावर असह्य होते.

जमिनीवरच्या माणसाला ग्राउंडी म्हणतात. दिवसातले बहुतांश काम त्याचे, श्रेय मात्र वरच्याचे. मोठा ओंडका थेट टाकता येत नसेल तेव्हा तो कप्पीतून घेतलेल्या दोराने उतरवतात. दोराचे दुसरे टोक बुंध्याला बांधलेल्या धातूच्या नळकांड्याभोवती वेढलेले असते आणि ग्राउंडी ते हातात धरतो. ओंडका सुटताच दोर गच्च धरून ठेवला तर सगळा हिसका वरच्या कारागिराच्या झाडाला बसतो. म्हणून थोडा सरकू देऊन मग हळूहळू रोखायचा. हे कुठल्या पुस्तकातून येत नाही. फांद्या मग चिपरमध्ये जातात, जाड टोक आधी, आणि माणूस तोंडासमोर न राहता बाजूला उभा. हातमोज्याचे मनगट सैल असेल तर फांदी त्यात अडकून हात आत ओढला जातो. ७५० किलोपेक्षा हलके चिपर एवढे लोकप्रिय का, याचे उत्तर वाहन परवान्यात होते: १९९७ पासून परवाना काढलेल्यांना त्याहून जड ट्रेलरसाठी बहुधा वेगळी परीक्षा द्यावी लागे. डिसेंबर २०२१ मध्ये ही अट गेली, यंत्रे राहिली.

सकाळ सातच्या सुमारास यार्डात सुरू होते. इंधन भरणे, साखळीला तेल, गोल कानशीने दात धारदार करणे. धार असेल तर ढलप्या उडतात, गेली की बारीक भुसा पडू लागतो. दिवसभराच्या लाकडाच्या कपच्या कुठे ओतायच्या हा रोजचा प्रश्न. बागकाम करणारे फुकट नेतात किंवा जळणाच्या प्रकल्पाला देतात. चढणारे बरेच जण स्वतःचे दोर-हार्नेस घेऊन रोजंदारीवर फिरतात. ‘अडतीस-एकोणचाळीस आहे का?’ असे मालक विचारतो तेव्हा त्याला चढाई-बचाव आणि दोरावरून करवत चालवण्याचे दोन दाखले हवे असतात. त्यांचे जुने क्रमांक सीएस ३८ आणि ३९. कोणी वर असताना बचावासाठी चढू शकणारा दुसरा माणूस जागेवर हजर लागतो. खांदे आणि कंपनाने बधिर होणारी बोटे हे धंद्याचे नेहमीचे दुखणे.

कायद्याचा पसारा मोठा आहे. १९९८ च्या नियमांनुसार माणसाचा भार घेणारी सामग्री दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी लागते. २०१९-२० च्या सुमारास दोन स्वतंत्र दोरांचा आग्रह धरला गेला तेव्हा जुन्या क्लाइंबरांनी बरीच कुरकुर केली. स्थानिक प्रशासनाने संरक्षण आदेश काढलेल्या झाडाला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. जपणूक क्षेत्रात (ऐतिहासिक किंवा वास्तुदृष्ट्या महत्त्वाचा म्हणून जपलेल्या परिसरात) सहा आठवडे आधी सूचना द्यावी लागते. वापरातले घरटे मोडणे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे वसंतात दुर्बीण घेऊन झाड न्याहाळणे हाही कामाचाच भाग होतो. महाराष्ट्रात शहरी भागांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आणि त्याखालची वृक्ष प्राधिकरणे आहेत. पावसाळ्यापूर्वीची छाटणी मात्र ठेकेदारांकडून होते आणि चढणाऱ्यासाठी सक्तीचा दाखला अशी गोष्ट तिथे रुळलेली नाही.

व्यवसायाच्या भरभराटीचे टप्पे संकटांशी जोडलेले आहेत. साठच्या दशकाअखेरपासून डच एल्म रोगाने एल्मची कोट्यवधी झाडे मारली. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्रीच्या वादळात सुमारे दीड कोटी झाडे पडली. २०१२ मध्ये ॲश झाडांची मर (बुरशीमुळे होणारा रोग) देशात आढळली आणि तिने कामाची पद्धतच बदलली. या बुरशीने मेलेल्या ॲशचे लाकूड ठिसूळ होते, दोर अडकवलेली फांदी सूचना न देता मोडते. असे झाड आता बहुधा पाळणा असलेल्या हायड्रॉलिक गाडीतून उतरवतात. परसात ती गाडी शिरत नसेल तर काम महाग पडते, आणि कित्येक क्लाइंबर ते सरळ नाकारतात.