ग्लुकोज आधी कोण संपवतो? कॅन्डिडा आणि मॅक्रोफेजची झुंज

कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्ट प्रकारची बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात आणि आतड्यात मुक्कामाला असते. रक्तात उतरली तर मात्र ती जिवावर बेतते. अतिदक्षता विभागातले रुग्ण, शिरेत दीर्घकाळ नळी असलेले रुग्ण आणि केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटलेले रुग्ण यांना हा धोका अधिक. तिला अडवणाऱ्या पेशींपैकी एक म्हणजे मॅक्रोफेज. ती बुरशीला गिळते, पडद्याच्या पिशवीत कोंडते आणि आम्ल, विकरे व ऑक्सिजनची घातक संयुगे सोडून मारू पाहते. या लढाईत शस्त्रांचीच चर्चा फार होते. निकाल मात्र बऱ्याचदा कोण काय खातो यावर लागतो.

बुरशीची चाहूल लागताच मॅक्रोफेज आपली ऊर्जा मिळवण्याची पद्धत बदलते. मायटोकॉन्ड्रियात इंधन सावकाश जाळण्यावरचा भर कमी करून ती ग्लुकोज भराभर फोडते आणि लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे रूप) बाहेर टाकते. ऊर्जा लगेच मिळते, पण पेशी ग्लुकोजवर विसंबून राहते. कॅन्डिडालाही ग्लुकोजच हवे असते आणि ते संपवण्याचा तिचा झपाटा जबर असतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी 2018 मध्ये दाखवले, की भोवतालचे ग्लुकोज संपले की मॅक्रोफेज मरतात. बुरशी मात्र दुसऱ्या अन्नावर तगून राहते. संसर्ग झालेल्या उंदरांची ग्लुकोजची पातळी टिकवली, तेव्हा त्यांच्या जगण्याची शक्यता वाढली.

हा परिणाम प्रयोगशाळेत सहज झाकला जातो. आरपीएमआय या पेशी वाढवण्याच्या नेहमीच्या द्रवात, म्हणजे माध्यमात, लिटरला 2 ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे उपाशीपोटीच्या रक्तातील पातळीच्या दुपटीहून थोडे अधिक. डीएमईएम या दुसऱ्या माध्यमाच्या जादा ग्लुकोजच्या प्रकारात ते 4.5 ग्रॅम असते. एवढा साठा असेल तर टंचाई उशिरा येते आणि प्रयोग त्याआधीच थांबवला, तर काहीच घडले नाही असे वाटते. म्हणून माध्यमातील ग्लुकोज ठरावीक तासांनी मोजावे लागते. तुलनेसाठी मारलेल्या बुरशीचा एक गट ठेवावा. दुसऱ्या गटात ग्लुकोज वाढवून पाहताना माध्यम बदलू नये, वरून फक्त ग्लुकोज घालावे. माध्यम बदलले तर बुरशीने सोडलेले पदार्थही वाहून जातात आणि कशामुळे पेशी वाचल्या ते कळत नाही. आणखी एक खबरदारी हवी. सुरुवातीच्या तासांत होणारे काही मृत्यू उपासमारीचे नसतात. तेव्हा मॅक्रोफेज दाहाचा संदेश सोडत स्वतःच फुटते. त्या प्रकाराला पायरोप्टोसिस म्हणतात. दोन्ही मृत्यू वेगळे मोजले नाहीत, तर निष्कर्ष घसरतो.

गिळलेल्या बुरशीची तऱ्हा वेगळी. पिशवीत ग्लुकोज तुटपुंजे, म्हणून ती ग्लायऑक्सिलेट चक्र सुरू करून दोन कार्बनच्या तुकड्यांपासून साखर घडवते. अमिनो आम्लेही खाते आणि त्यातला जादा नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकते. काचपात्रात, ग्लुकोज नसताना, ती अशा रीतीने माध्यमाचा पीएच 4 वरून 7 च्या वर नेते. आम्लता उतरली की यीस्टचा लांब तंतू होतो आणि तो मॅक्रोफेजला भोसकून बाहेर पडतो. मात्र पिशवीतली आम्लता अमोनियामुळेच उतरते का, यावर वाद आहे. 2018 च्या एका अभ्यासात वाढत्या तंतूने पिशवीचा पडदा ताणून फाडल्यामुळे आम्लता गेल्याचे दिसले. मला हा पुरावा भक्कम वाटतो, तरी अमिनो आम्लांचे महत्त्व त्याने संपत नाही: ती आत घेण्याची यंत्रणा चालवणारे एसटीपी2 हे जनुक काढले, तर बुरशीला पिशवीतून सुटणे अवघड जाते.

आहाराने बुरशीचे बाह्यरूपही बदलते. तिच्या पेशीभित्तिकेत आत बीटा-ग्लुकान आणि बाहेर मॅनन अशा शर्करांच्या साखळ्या असतात. मॅक्रोफेजवरचा डेक्टिन-1 हा ग्राही बीटा-ग्लुकान ओळखतो. लॅक्टेट मिळाले की कॅन्डिडा हे बीटा-ग्लुकान झाकून घेते. ती कमी गिळली जाते आणि दाहाचे संदेशही मंदावतात. आतड्यात व योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टेट सोडत असतात, त्यामुळे तिथे हे लपणे तिला सहज साधते.

यावरून संसर्गात साखर खावी असा अर्थ कुणी काढू नये. 2021 मध्ये महाराष्ट्राने म्युकरमायकोसिसची मोठी लाट पाहिली. ती बुरशी वेगळी, पण अनियंत्रित मधुमेह तिला थेट मदत करतो. कीटोआम्लतेत, म्हणजे मधुमेह बिघडून रक्त आम्लयुक्त होते तेव्हा, रक्तातले लोह ते वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनापासून सुटते आणि म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या ऱ्हायझोपस या बुरशीला ते मिळते. वाढलेली साखर रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर जीआरपी78 हे प्रथिन वाढवते, आणि बुरशी त्यालाच चिकटते.

ग्लायऑक्सिलेट चक्र माणसात नाही, म्हणून औषधाचे लक्ष्य म्हणून ते आकर्षक वाटते. त्यातले आयसोसिट्रेट लायेज हे विकर नसलेली कॅन्डिडा उंदरांत कमी घातक ठरते, हे 2001 पासून ठाऊक आहे. पण कमी घातक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मॅक्रोफेजच्या आत हे चक्र चालू असते, तर त्याच वेळी मूत्रपिंडात वाढणाऱ्या पेशी बहुतांशी ग्लुकोजच फोडत असतात. त्यांना हे चक्र अडवणाऱ्या औषधाचा फारसा धक्का बसणार नाही.