पन्हं इतकं गोड कशाला?

चैत्र लागला की चैत्रगौरीची हळदीकुंकवं सुरू होतात ती थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत चालतात, वाटली डाळ, भिजवलेले हरभरे, आणि पन्हं. मग मे महिन्यात मुंजी, डोहाळजेवणं, सुट्टीत गोळा झालेली भावंडं, तिथेही कुणी उन्हातून आलं की ग्लास पुढे येतोच. आणि बऱ्याच घरी असं होतं की पहिला घोट एकदम भारी लागतो पण ग्लास संपेपर्यंत तोंड चिकट होतं आणि वर साधं पाणी मागावं लागतं. पन्हं पिऊन परत तहान लागत असेल तर प्रमाणात काहीतरी गडबड आहे, आणि मला विचाराल तर ती गडबड गुळाची आहे.

घरोघरी ठरलेलं प्रमाण काय, तर एक वाटी गराला दोन वाट्या गूळ किंवा साखर, कुणी दीड घेतं. खरं तर हे प्रमाण टिकवण्याचं आहे. गर आणि गूळ एकत्र शिजवून बरणीत भरून ठेवायचं आणि लागेल तसं पाण्यात कालवायचं, तर तिथे एवढी साखर हवीच, कारण ती पाणी स्वतःकडे धरून ठेवते आणि यीस्ट, बुरशी, जीवाणू यांना वाढायला पाणी उरतच नाही. त्यात कैरीचं आम्ल, मुख्यतः सायट्रिक आणि मॅलिक, मदतीला असतं. साखरांबा टिकतो तो याच जोरावर. पण सकाळी करून संध्याकाळी संपणाऱ्या पन्ह्याला बरणीचं प्रमाण कशाला लावायचं?

हिशोब करून बघा. २०० ग्रॅम गर, ४०० ग्रॅम गूळ आणि २ लिटर पाणी, म्हणजे तयार पन्ह्यात साखर १५ टक्क्यांच्या आसपास गेली. बाटलीतल्या कोल्यात ती १० ते ११ टक्के असते! साधारण ८ टक्क्यांच्या वर साखर गेली की पेय जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो, म्हणून पोट जड वाटतं आणि पाणी शरीराला उशिरा मिळतं. म्हणून माझं प्रमाण असं, २०० ग्रॅम गराला १६० ग्रॅम गूळ आणि २ लिटर पाणी. मध्यम आकाराचे दहा-अकरा ग्लास होतात, साखर ७ टक्क्यांच्या आसपास राहते. कैरी फारच आंबट असेल तर गूळ थोडा वाढवा, पण आधी गर थोडा कमी करून बघा.

आता लगेच कुणीतरी म्हणणार की एवढ्याशा गुळात ते पांचट लागेल. लागेल, जर फ्रीजमधून काढून बर्फ घालून दिलंत तर! जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाचा एक चॅनेल, म्हणजे पेशीच्या आवरणातलं छोटंसं दार, असतो, गोडीचा संदेश पुढे जायला तो उघडावा लागतो, आणि तो तापमानावर चालतो, थंडीत सुस्त आणि कोमट असताना जोरात. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. म्हणजे तेच पन्हं बर्फगार असताना कमी गोड लागतं, म्हणून आपण गूळ वाढवतो, आणि ग्लास हातात धरून गप्पा मारता मारता ते कोमट झालं की तेच अति गोड लागायला लागतं. कोमट झालेलं कोल्ड्रिंक पिववत नाही त्यातही हा भाग असतो.

त्यामुळे पन्हं माठातल्या पाण्यात करावं असं मला मनापासून वाटतं. माठाच्या छिद्रांतून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते, एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते आणि ती आतल्या पाण्यातून जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हे फार छान चालतं, मुंबई-कोकणात हवा आधीच दमट त्यामुळे वाफ कमी होते आणि माठ तितका गार होत नाही. तिथे बर्फ घ्यावाच लागेल, पण हिशोबाने. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी ओढून घेतो, म्हणजे १ किलो बर्फाने ४ लिटर पन्हं साधारण २० अंशांनी खाली येतं, पण ४ लिटरचं ५ लिटर झालं ना! ते पाणी आधीच कमी घातलेलं असलं पाहिजे, किंवा पाणी आधी फ्रीजमध्ये ठेवून बर्फ नावापुरता घाला. आणि बर्फ विकत आणणार असाल तर रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं आहे, तसली लादी बाहेरून पातेलं गार करायला ठीक, पन्ह्यात अजिबात नको.

गूळ कमी करूनही चव भरलेली लागते ती मिठामुळे. चिमूटभर मीठ कडू-तुरट चव दाबतं, आणि कच्च्या कैरीत तुरटपणा असतोच, तो दबला की तेवढाच गूळ जास्त गोड भासतो. आतड्यातही मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागे येतं, ओआरएस, म्हणजे जुलाबात पाकिटातून पाण्यात कालवून देतात ते मीठ-ग्लुकोजचं मिश्रण, याच तत्त्वावर चालतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले, केवढं मोठं काम! पण म्हणून पन्हं म्हणजे ओआरएस नाही. ओआरएसमध्ये लिटरला फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मीठ पन्ह्यापेक्षा बरंच जास्त. जुलाब लागलेल्या माणसाला पाकीटच द्या, आणि ऊन लागून कुणाची शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतू नका, अंग ओलं करून वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

वेलचीचं काम वेगळंच आहे. तिच्यातला सिनिओल हा घटक निलगिरीच्या तेलातही असतो, आणि तो शरीरातल्या टीआरपीएम-८ या थंडी ओळखणाऱ्या चॅनेलला किंचित चाळवतो, पुदिन्यातलं मेंथॉल हेच जास्त जोरात करतं. म्हणजे पन्हं माठाइतकंच गार असलं तरी तोंडाला अजून गार वाटतं. फक्त वेलची शिजवताना नको, शेवटी कुटून घाला, वास उडून जातो.

करताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. देठाजवळचा चीक त्वचेला आणि ओठांना चावतो (आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले), म्हणून देठाकडचा भाग कापून कैऱ्या थोडा वेळ पाण्यात ठेवून धुवा. मग कुकरमध्ये डब्यात ठेवून वाफवा, डब्यात पाणी न घालता, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनेही कमी होतं, निदान एक वाट तरी बंद होते. गर एवढा मऊ आणि दाट होतो तो पेक्टिन या फळातल्या घट्टपणा आणणाऱ्या घटकामुळे, पन्ह्याला अंग त्यानेच येतं. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं किंवा ॲल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आम्लाने धातू पन्ह्यात उतरतो. स्टील, काच, चिनीमाती उत्तम. आणि गुळाचं आहे म्हणून मधुमेहवाल्यांना चालतं हे कृपया कुणाला सांगू नका, गुळातही बहुतांश सुक्रोजच, म्हणजे साखरच असते.

पाणी घातलेलं पन्हं मात्र उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवायचं नाही. पाणी वाढल्यावर साखरेचा पहारा संपतो, हवेतलं, भांड्यातलं यीस्ट कामाला लागतं आणि साखरेचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड व्हायला लागतं. फेस आला, जिभेला चुरचुरलं, की मुलांना द्यायचं पेय ते राहिलं नाही, ओतून द्या. गूळ गराबरोबर एक उकळी आणून घेतलात तर गुळातलं बरंचसं यीस्ट आधीच मरतं, गाळून घेतला तर कचराही जातो. संध्याकाळी उरलं तर लगेच बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीझरला टाका, पुढच्या वेळी हेच खडे ग्लासात घातले की गारही होतं आणि पाणचटही होत नाही.