पाणीवापर संस्था

कालव्याच्या एखाद्या चारीवर ज्यांची शेते भिजतात त्या शेतकऱ्यांनी स्थापन केलेली, शासनाकडून पाणी मोजून घेणारी आणि ते सभासदांत वाटणारी संस्था. धरण व मुख्य कालवा शासनाकडे राहतात. चारीची देखभाल, पाळ्या लावणे, पाणीपट्टीची वसुली आणि पाण्यावरून होणाऱ्या तंट्यांचा निवाडा संस्थेकडे येतो.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या थळाचे, म्हणजे भिजणाऱ्या जमिनीचे, फड म्हणजे मोठे तुकडे पाडलेले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे आणि फडाफडांतून पिकांची फेरपालट करायची. पाटकरी, हवालदार, जागल्या ही माणसे गावानेच नेमलेली आणि गावालाच जबाबदार. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असे. त्यामुळे पाऊस कमी झाला आणि पंचांनी एखादा फड कोरडा ठेवायचे ठरवले, तर झळ सगळ्यांना सारखी लागे. न्याय जमिनीच्या मांडणीतच बसवलेला होता. सिंचनाच्या आधुनिक नियमांत इतकी साधी आणि पक्की तरतूद क्वचितच सापडते.

मोठी धरणे आली तशी ही सूत्रे पाटबंधारे खात्याकडे गेली. पाण्याच्या मागणीचा सात नंबरचा अर्ज भरायचा, शेजपाळीने, म्हणजे लागोपाठच्या शेतांच्या क्रमाने, पाणी घ्यायचे, पट्टी हेक्टरी आणि पिकावर. पाणी किती घेतले हे मोजलेच जात नसल्याने काटकसर करणाऱ्याला त्याचा काही लाभ नव्हता. शिराकडचे, म्हणजे चारीच्या तोंडाजवळचे, शेत तुडुंब भरे आणि पुच्छाकडचा, म्हणजे शेवटाचा, शेतकरी फावडे व बॅटरी घेऊन रात्रभर चारीवर बसे. ‘टेलला पाणी पोचलं का?’ हा लाभक्षेत्रातला रोजचा प्रश्न झाला, आणि उत्तर बहुधा ‘नाही’ असे येई.

1980च्या दशकाच्या अखेरीस मुळा प्रकल्पाच्या एका चारीवर शेतकऱ्यांच्या संस्थेचा प्रयोग झाला. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे याहून दूरगामी काम सुरू झाले. दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे. ओझरची शिवारे त्याच्या उजव्या कालव्याच्या शेपटाला. धरण होऊनही तिथे पाणी नीट पोचत नव्हते. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये व भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना संघटित केले आणि 1990च्या दशकाच्या आरंभी तीन संस्था उभ्या राहिल्या. पुढे प्रकल्पावर अशा चोवीस संस्था झाल्या, त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ बनला आणि संपूर्ण प्रकल्पाचे पाणी व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले. ओझरच्या संस्थांनी नाल्यांवर बंधारे घालून विहिरींचे पाणी वाढवले आणि विहिरीवाल्यांनाही हिशेबात धरले. कालव्याचे पाणी झिरपूनच विहिरी भरतात, मग त्याचा वाटा त्यांनीही द्यावा, ही समज गावात रुजवणे सोपे नव्हते.

या सगळ्याचा कणा म्हणजे मोजमाप. चारीच्या तोंडाशी काँक्रीटचा एक अरुंद गळा बांधलेला असतो आणि त्याच्या भिंतीवर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी. पाण्याची पातळी पट्टीवर वाचायची, तक्त्यावरून सेकंदाला किती लिटर येते ते काढायचे, वहीत लिहायचे. ही वही उघडी असली की आवर्तनात, म्हणजे कालव्याला पाणी सुटते त्या पाळीत, कोणाला किती तास मिळाले यावर वाद फार टिकत नाही. संस्था ठरलेल्या कोट्याचे पैसे घनमापाने भरते. त्या कोट्यात सभासदाने द्राक्षे लावावीत की गहू, हे त्याचे त्याने ठरवावे.

माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने 1999च्या अहवालात शेतकऱ्यांच्या सहभागावर भर दिला. 2005मध्ये ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम’ झाला. संचालक मंडळात शिर, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व देण्याची त्यातली तरतूद विशेष मोलाची आहे. टेलचा माणूस मंडळात बसल्यावर टेलचे पाणी विसरणे अवघड जाते.

कायद्यानंतर राज्यभर संस्था नोंदल्या गेल्या. पण अनेक कागदावरच राहिल्या. कारण बहुधा एकच दिसते: फुटके अस्तर, गाळाने भरलेली चारी आणि मोडलेली दारे तशीच संस्थेच्या गळ्यात घातली गेली. शेतकऱ्यांना व्यवस्थापन सोपवणे म्हणजे शासनाने खर्चातून मोकळे होणे, असा अर्थ काही ठिकाणी काढला गेला, आणि तो चुकीचा आहे. हस्तांतरणाआधी शासनाने चारी धडधाकट करून द्यायला हवी, मोजणीची सोय करून द्यायला हवी आणि ठरलेला कोटा दर आवर्तनात सोडायला हवा. दुरुस्त चारी गावाच्या हातात दिली, तर रोजची राखण गाव करते, कारण नुकसान त्याच्याच पिकाचे असते. उलट, पैसा ओतून अधिकार खात्याकडेच ठेवला, तर पुढच्या पावसाळ्यानंतर चारीतला गाळ काढायचा कोणी, हे ठरेपर्यंत रब्बीचे पहिले आवर्तन येऊन ठेपलेले असते.