नकार परवडला, मौन नको

पहाटे सव्वासहाला फोन वाजला. दूध संकलन केंद्रावरचा पोरगा. "दादा, नेट हाय, मोबाइलवर यूट्यूब बी चालतंय, पण कॉम्प्युटरवरनं डेटा जाईना." मागे कॅनचा खडखडाट. रांगेतलं कुणीतरी "आरं, पावती दे की आधी" म्हणून ओरडत होतं.

"स्क्रीनवर काय आलंय?"

"सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न करा."

हे वाक्य माझंच. दुधाचं माप, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) नोंदवून दूध संघाच्या सर्व्हरला, म्हणजे मुख्य कॉम्प्युटरला, पाठवणारा तो छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता, आणि लिहिताना आळस केला होता. संपर्क तुटायची कारणं वीस असोत, सगळ्यांना हे एकच वाक्य. डॉक्टरनं प्रत्येक पेशंटला "तुम्हाला बरं नाही" एवढंच निदान लिहून द्यावं, तसला प्रकार. कॉम्प्युटर याहून पुष्कळ बोलत असतो. आमच्यासारखे लोक ते पुसून टाकतात.

कुठलंही ॲप दूरच्या सर्व्हरला काही विचारतं तेव्हा त्याला आधी पत्ता शोधावा लागतो, मग दार वाजवावं लागतं. दार उघडल्यावर समोरचा खरंच तोच ना, याची खातरजमा होते आणि मग कुठे प्रश्न विचारला जातो. गाडी यातल्या कुठल्याही ठिकाणी अडू शकते, पण प्रत्येक ठिकाणी अडल्याचा आवाज वेगळा येतो. दुरुस्ती म्हणजे बरीचशी तो आवाज ओळखणं.

पत्त्याचं आधी उरकून टाकू. माणसांना नावं लक्षात राहतात, यंत्रांना आकडे लागतात. सुरुवातीच्या काळात जोडलेल्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि आकडे एकाच फाइलमध्ये होते आणि ती फाइल अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. यादी हाताबाहेर जायला लागली तेव्हा १९८३ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नाव सांगितलं की आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेची मांडणी केली. आज ॲप "होस्ट (म्हणजे समोरचा कॉम्प्युटर) सापडला नाही" म्हणतं तेव्हा गाडी इथेच, पहिल्या पायरीवर अडलेली असते. बहुतेक वेळा नावात टायपिंगची चूक असते, नाहीतर मुळात नेटच नसतं. कधीकधी मात्र गंमत मोठी असते. ४ ऑक्टोबर २०२१ला आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम गप्प झाले. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आदेशानं कंपनीच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं होतं. आपला डेटा सेंटरांशी संपर्क नाही हे पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी, ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे, आपल्याकडे येणारे रस्ते जगाच्या नकाशावरून काढून घेतले. ते सर्व्हर चालू होते, फक्त त्यांच्यापर्यंत जायची वाट कुणाला माहीत नव्हती. हे जवळजवळ सहा तास चाललं. त्या रात्री किती घरांत राउटर बंद-चालू केले गेले असतील!

आता दाराकडे येऊ. इथे जरा रेंगाळायला हवं.

पत्ता मिळाला की आपलं यंत्र एक छोटंसं पॅकेट, म्हणजे माहितीचं पाकीट पाठवतं: "बोलायचं आहे." समोरून "बोला" येतं, आपण "ठीक" म्हणतो आणि संपर्क जुळतो. हे पॅकेट नुसतं इमारतीकडे नाही, ठरावीक खिडकीकडे जातं. इंटरनेटच्या भाषेत खिडकीला पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत जातात आणि सुरक्षित वेबसाइटची नेहमीची खिडकी ४४३ क्रमांकाची. आता समजा त्या खिडकीत कुणी बसलेलंच नाही. यंत्र चालू आहे, पण तो प्रोग्रॅम सुरू नाही. मग ते यंत्र तडक उलटं पॅकेट पाठवतं: "इथे कुणी नाही." याला म्हणतात कनेक्शन रिफ्यूज्ड. विंडोजवर त्याचा क्रमांक १००६१.

हा संदेश आला की नवशिक्याचा चेहरा पडतो आणि मी खूश होतो. कारण नकार आला याचा अर्थ केवढं तरी शाबूत आहे. नाव बरोबर लागलं, रस्ता चालू आहे, पलीकडचं यंत्र जिवंत आहे आणि उत्तरही देतं आहे. शोधायचं राहिलं ते एवढंच: प्रोग्रॅम बंद पडलाय, की आपण चुकीच्या खिडकीशी उभे आहोत? मोबाइल ॲप शिकणारी मुलं इथे हमखास फसतात. सर्व्हर लॅपटॉपवर चालू असतो, ॲप फोनवर, आणि पत्ता लिहिलेला असतो 'लोकलहोस्ट'. लोकलहोस्ट म्हणजे 'मी स्वतः'. लॅपटॉपवर त्याचा अर्थ लॅपटॉप, फोनवर फोन. बिचारा फोन स्वतःचंच दार वाजवतो आणि स्वतःच सांगतो, इथे कुणी नाही. लॅपटॉपवरच चालणाऱ्या अँड्रॉइडच्या नकली फोनसाठी तर वेगळाच पत्ता राखून ठेवलाय, १०.०.२.२. तो माहीत नसल्यानं माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

मौन ही याहून वाईट गोष्ट. पॅकेट गेलं आणि काहीच आलं नाही. यंत्र बंद असेल, पत्ता जुना असेल, वाटेतला रस्ता तुटला असेल, किंवा कुणाला आत सोडायचं हे ठरवत मध्ये बसलेल्या पहारेकऱ्यानं, फायरवॉलनं, पॅकेट गिळून टाकलं असेल. बाहेरून सगळं सारखंच दिसतं. आपलं यंत्र तरी काय करणार? थांबतं, पुन्हा वाजवतं. लिनक्सवर २०२३ पर्यंत नेहमीच्या मांडणीत पहिल्यांदा एक सेकंद वाट पाहिली जायची, मग दोन, मग चार, अशी दुप्पट होत होत एकूण १२७ सेकंदांनी हार मानली जायची. विंडोजवर बहुधा २१ सेकंदांनी. त्याचा क्रमांक १००६०. म्हणजे नकार आणि मौन यांच्यात विंडोजच्या लेखी एका आकड्याचा फरक, पण शोधाची दिशा पार उलटी. म्हणून कुणी "चालत नाही" म्हणालं की मी आधी विचारतो, "बटण दाबल्यावर लगेच येतं की थांबून?" लगेच आलं तर नकार. चहाचा घोट घेण्याइतका वेळ लागला तर मौन, आणि मग फायरवॉलवाल्याला फोन.

फायरवॉल सांभाळणारे मौनच पसंत करतात. हल्लेखोराला इथे काही आहे हेसुद्धा कळू नये, हा त्यांचा हिशेब. बाहेरच्या जगासाठी ते पटतं. पण एकाच कचेरीतल्या दोन यंत्रांमध्येही मौन लावून ठेवतात तेव्हा ते सुरक्षेपेक्षा सहकाऱ्यांचा छळ जास्त असतो, असं माझं मत आहे.

या ठिकाणी सगळे पिंग करून पाहतात, म्हणजे यंत्राला नुसतं "आहेस का?" असं विचारून पाहतात. पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे सर्व्हर मेला, असं नाही. कित्येक सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, आणि आलं तरी त्यातून ४४३ची खिडकी उघडी असल्याचं कळत नाही. खिडकी तपासायची तर त्याच खिडकीवर जायला हवं. कर्ल नावाचं छोटं साधन त्यासाठी उत्तम. ते पत्ता, दार, ओळख, उत्तर हे सगळं एकेक ओळीत उलगडून दाखवतं.

किती वेळ थांबायचं, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियाला सरळ रेषेत १३,००० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद तर निसर्गानंच घेतले. समुद्रातल्या केबली वळसे घेत जातात, म्हणून प्रत्यक्षात आणखी जास्त. त्यात दार वाजवायला एक फेरी, ओळख पटवायला एक-दोन, प्रश्नाला एक. अर्ध्या सेकंदात उत्तर हवं असा हट्ट धरला तर सर्व्हर ठणठणीत असूनही ॲप रडत बसेल. उलट टोकाला, पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं 'रिक्वेस्ट्स' हे लोकप्रिय साधन आपण सांगितलं नाही तर वाट पाहायची मुदतच ठरवत नाही. संपर्क जुळल्यावर समोरचा गप्प झाला की बसलं ते वाट पाहत.

तर आमच्या केंद्रावर काय झालं होतं? संदेश लगेच येत होता, म्हणजे मौन नव्हतं. मी पोराला प्रोग्रॅमची लॉग फाइल, म्हणजे काय काय घडलं ते टिपून ठेवणारी फाइल, उघडायला लावली. निदान तिथे तरी मूळ वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं होतं. त्यानं अडखळत वाचलं आणि 'ट्रस्ट रिलेशनशिप', म्हणजे विश्वासाचं नातं, हे दोन शब्द कानावर पडले. म्हणजे दार उघडलं होतं, अडलं होतं ते ओळखीशी.

सुरक्षित संपर्कात सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावर नाव असतं, देणाऱ्याची सही असते आणि दोन तारखा असतात: कधीपासून, कधीपर्यंत. मुदत संपली की काय होतं याचा मासला ६ डिसेंबर २०१८ला ब्रिटननं पाहिला. मोबाइल नेटवर्कची यंत्रणा पुरवणाऱ्या एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा जवळजवळ दिवसभर बंद पडला. जपानमध्ये सॉफ्टबँकेचे ग्राहकही त्याच कारणानं अडकले.

पण आमच्या संघाचं प्रमाणपत्र ताजं होतं. मी विचारलं, "खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

"एक, एक, दोन हजार तेरा."

रात्री लाइट गेली होती. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. लाइट आली तेव्हा यंत्रानं आपला जन्मकाळ धरला. त्याच्या दृष्टीनं संघाचं प्रमाणपत्र अजून निघालेलंच नव्हतं. भविष्यातला कागद दाखवणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? मोबाइल घड्याळ टॉवरकडून लावून घेतो, म्हणून यूट्यूब मजेत चालू. विंडोजही नेटवरून वेळ जुळवून घेतं, पण नेहमीच्या मांडणीत फरक १५ तासांहून जास्त असेल तर ते हात लावत नाही. वर्षांचा फरक तर त्याला संशयास्पदच वाटणार. तारीख हातानं लावली, डेटा गेला.

अशा वेळी इंटरनेटवर एक उपाय हटकून सुचवला जातो: प्रमाणपत्र तपासूच नका, कोडमध्ये एक ओळ टाका आणि मोकळे व्हा. चालतं हो! पण मग दारात कोण उभं आहे हे न बघता तिजोरीची किल्ली द्यायची सवय लागते, आणि 'तात्पुरती' म्हणून घातलेली ती ओळ मी आजवर कुणाला परत काढताना पाहिलेलं नाही.

ओळख पटली, प्रश्न गेला आणि ४०४ (मागितलेलं सापडलं नाही) किंवा ५०० (सर्व्हरच्या आत गडबड) असा आकडा आला, तर ती संपर्काची तक्रारच नव्हे. समोरच्यानं ऐकलं आणि काहीतरी बोलला. पण प्रश्न गेल्यानंतर मौन पसरलं, तर तिथे खरी मेख आहे. १९७० च्या दशकापासून संगणकशास्त्रात एक कोडं सांगतात. दोन डोंगरांवर दोन सेनापती, मधल्या दरीत शत्रू. हल्ला एकाच वेळी झाला तरच जिंकणार, म्हणून एक जण जासूद पाठवतो. जासूद परतला नाही. आता तो जाताना पकडला गेला की निरोप पोचवून येताना? पाठवणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही, आणि कितीही जासूद वाढवले तरी खात्री होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. यूपीआयवर पैसे 'पेंडिंग' दिसतात तेव्हा आपण याच डोंगरावर उभे असतो.

माझ्या प्रोग्रॅमनं या मौनावर काढलेला तोडगा अडाणी होता: दर पाच सेकंदांनी पुन्हा पाठव. एका केंद्राला ठीक. पण सकाळी साडेसहाला शे-दीडशे केंद्रं एकदम पाठवायला लागली, सर्व्हर जरा दमला, की सगळी मिळून त्याच्यावर पाच-पाच सेकंदांनी तुटून पडायची. इंटरनेटनं हे आधी भोगलंय. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यात, जेमतेम ४०० यार्डांवर, सेकंदाला ३२,००० बिटांचा वेग ४० बिटांवर आला. रस्ता तुंबला म्हणून पॅकेटं हरवत होती, हरवली म्हणून यंत्रं ती पुन्हा पाठवत होती आणि त्यानं रस्ता आणखी तुंबत होता. व्हॅन जेकबसन यांनी यावर जे उपाय बसवले त्यांच्या मुळाशी एकच समज आहे: उत्तर येत नसेल तर आपण हात आखडता घ्यायचा. माझी केंद्रं आता पाच, दहा, वीस अशी दुप्पट थांबतात आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळतात, नाहीतर सगळी पुन्हा एकाच ठोक्याला उठायची.

राहता राहिला दुबार नोंदीचा घोळ. नोंद पोचली पण पोच हरवली, प्रोग्रॅमनं परत पाठवली आणि एका म्हशीनं कागदावर दुप्पट दूध दिलं, असं दोनदा झालं होतं. उपाय साधा होता. प्रत्येक नोंदीला एकच ठाम क्रमांक द्यायचा, केंद्र, तारीख, पाळी आणि पावती मिळून. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर "मिळाली" म्हणतो आणि पुन्हा लिहीत नाही. हे मी आधीच बसवलं होतं आणि त्यावर खूश होतो.

फक्त त्या क्रमांकात तारीख होती, आणि त्या सकाळी मला फोन येण्याआधी फाडलेल्या सगळ्या पावत्या २०१३ च्या होत्या. ही चूक पहिल्यांदा धरली ती प्रोग्रॅमनं नाही, सर्व्हरनं नाही आणि मीही नाही. रांगेत पुढे असलेल्या एका आजोबांनी पावती डोळ्यांजवळ धरली, पोराला दाखवली आणि म्हणाले, "तारीख बघ जरा. तवा माज्याकडं म्हसच नव्हती."