कातडीवरचा लाल आणि मेंदूवरचा लाल: ईईजीचे दोन हलते नकाशे

ईईजीचा (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मोजलेल्या मेंदूच्या विद्युत हालचालींचा) त्रिमिती व्हिडिओ म्हणून दोन अगदी वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात. दोन्हींत डोकं फिरतं, लाल डाग उमटतो, सरकतो, विरतो. पण एकात तो रंग डोक्याच्या कातडीवर मोजलेल्या व्होल्टेजचा असतो, तर दुसऱ्यात मेंदूच्या घड्यांमध्ये किती प्रवाह वाहत असेल याचा गणिताने काढलेला अंदाज असतो. पहिल्या चित्रावर बोट ठेवून ‘मेंदूचा हा भाग आत्ता काम करतोय’ असं म्हणणं ही नेहमीची गफलत. ती प्रोजेक्टच्या सादरीकरणात झाली तर मार्क जातात. फिट्सच्या पेशंटबाबत झाली तर चुकीच्या जागी शोध सुरू होतो.

ओळखायचं असेल तर आधी रंगपट्टीचं एकक बघा. मायक्रोव्होल्ट लिहिलेलं असेल आणि पट्टी शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असेल, लाल म्हणजे धन, निळा म्हणजे ऋण, तर तो कातडीचा नकाशा. नॅनोअँपिअर-मीटर असेल किंवा एककच नसेल, आणि पट्टी बहुधा शून्यापासून वरच जात असेल, तर तो उगमाचा, म्हणजे मेंदूत प्रवाह कुठून निघाला याचा, अंदाज. नुसता मेंदूचा आकार दिसला म्हणून फसू नका. व्होल्टेजचे रंग मेंदूच्या मॉडेलवर चढवणं सॉफ्टवेअरला मुळीच अवघड नाही.

कातडीच्या नकाशातही सगळं मोजलेलं नसतं. इलेक्ट्रोडच्या जागा ठरवायच्या १०-२० पद्धतीत नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर ३६ सेंटिमीटर भरलं, तर मधल्या रेषेवरचे इलेक्ट्रोड एकमेकांपासून २० टक्क्यांवर, म्हणजे ७.२ सेंटिमीटरवर येतात. नेहमीच्या तपासणीत १९ जागा. बाकी सगळा रंग स्प्लाइनच्या, म्हणजे मोजलेल्या जागांमधून गुळगुळीत पृष्ठभाग ओढणाऱ्या, गणिताने भरलेला. शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगावला मोजलेल्या पावसावरून आख्ख्या पुण्याचा नकाशा रंगवावा, तसंच हे. गालावर, मानेवर दिसणारा रंग तर इलेक्ट्रोडच्या कक्षेबाहेरचा. तो वाचूच नये.

दुसऱ्या नकाशाची अडचण याहून मुळातली आहे. कातडीवरचा एकच नकाशा मेंदूतल्या प्रवाहांच्या असंख्य मांडण्यांमधून तयार होऊ शकतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवलं होतं. एमएनई-पायथन या सॉफ्टवेअरमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका जाळीत दोन्ही गोलार्ध मिळून ८,१९६ जागा असतात, आणि त्या भरायच्या समजा ६४ चॅनेलच्या (इलेक्ट्रोडच्या) आकड्यांवरून. म्हणून एखादी अट घालावी लागते, उदाहरणार्थ एकूण प्रवाह कमीत कमी असावा. अट बदलली की डाग बदलतो.

दोन्ही नकाशे एकाच सिग्नलवर शेजारी ठेवले की फरक लख्ख दिसतो. कानात बीप वाजवा, शंभरेक वेळा, आणि सरासरी काढा. बीपनंतर साधारण १०० मिलिसेकंदांनी डोक्याच्या माथ्याजवळ, सी-झेड या माथ्यावरच्या इलेक्ट्रोडच्या आसपास, ठसठशीत निळा डाग येतो. माथ्याखाली मात्र ऐकण्याचं केंद्र नाही. ते दोन्ही कानांच्या वर, मेंदूच्या बाजूच्या भागाच्या, टेम्पोरल लोबच्या, वरच्या पृष्ठभागावर, घडीच्या आत लपलेलं असतं. तिथल्या पेशी वरच्या दिशेने उभ्या असल्यामुळे दोन्ही बाजूंची क्षेत्रं माथ्यापाशी एकत्र येतात. उगमाच्या व्हिडिओत त्याच क्षणी डावी-उजवीकडे दोन डाग दिसायला हवेत. दोन्ही चित्रं बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

मुलांमधल्या रोलँडिक स्पाइकमध्येही (फिट्सच्या एका प्रकारात ईईजीत दिसणाऱ्या टोकदार लाटेतही) हेच. कपाळाकडे लाल, कानाच्या वरच्या भागात निळा. अशा आडव्या द्विध्रुवाचा (एका टोकाला धन, दुसऱ्या टोकाला ऋण असलेल्या प्रवाहाचा) उगम लाल किंवा निळ्याच्या मध्यभागाखाली नसतो. रंग जिथे झपाट्याने पालटतो, जिथे व्होल्टेज जवळपास शून्य दिसतं, त्या पट्ट्याखाली तो असतो.

हलत्या चित्रात आणखी एक भ्रम शिरतो. जागेवरच असलेले दोन उगम थोड्या अंतराने कमी-जास्त झाले, तर कातडीवर एकच डाग पुढून मागे चालत गेल्यासारखा दिसतो. ‘लहर पसरली’ असं म्हणण्याआधी मूळ चॅनेलच्या रेघा उघडून बघाव्यात.

व्हिडिओ करताना बीपच्या १०० मिलिसेकंद आधीपासून ४०० नंतरपर्यंतचा तुकडा घ्या आणि दर ४ मिलिसेकंदांना एक फ्रेम काढा. साधारण १२५ फ्रेम होतात. सेकंदाला २५ दाखवल्या तर ५ सेकंदांचा, दहापट संथ व्हिडिओ मिळतो. फ्रेममधलं अंतर वाढवण्याचा मोह नको. १० हर्ट्झच्या अल्फा लहरीचा रंग दर ५० मिलिसेकंदांनी उलटतो. दर १०० मिलिसेकंदांना फ्रेम काढली तर तो गोठल्यासारखा दिसेल. रंगपट्टी सगळ्या फ्रेमना एकच ठेवा, समजा उणे १० ते अधिक १० मायक्रोव्होल्ट. सॉफ्टवेअरला दर फ्रेमला पट्टी ठरवू दिली, की बीपआधीचा किरकोळ गोंगाटही मुख्य शिखराइतकाच भडक दिसतो.

रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकीचं व्होल्टेज मोजतात तो इलेक्ट्रोड, सी-झेड असेल तर सी-झेड कायम शून्य राहणार, आणि ऐकण्याचा तो निळा डाग गायब होऊन कानांमागे लाल उमटेल. नकाशाचा उतार तोच राहतो, शून्याची रेघ हलते. सगळ्या इलेक्ट्रोडच्या सरासरीचा रेफरन्स घ्या आणि तसं लिहा.

ईईजीलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नाक एक्स अक्षाकडे, एमएनईमध्ये वाय अक्षाकडे. फाइल इकडून तिकडे नेताना हे सुटलं तर सगळा नकाशा ९० अंशांत फिरतो. तपासायला डोळ्यांची उघडझाप पुरते: पापणी मिटल्यावर येणारा मोठा धन डाग कपाळावरच दिसला पाहिजे, कानावर नाही.

सुरुवातीचं काम मात्र साधं आहे. डोकं आदल्या दिवशी धुतलेलं, तेल न लावलेलं, इम्पिडन्स (इलेक्ट्रोड आणि कातडीमधला विद्युत अडथळा) ५ किलोओहमच्या खाली. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या उकाड्यात बंद खोलीत घाम आला की एक हर्ट्झखालच्या संथ लाटा येतात आणि अर्धं डोकं उगाच लाल होतं. फिल्टरने झाकण्यापेक्षा खोली थंड करा. पेस्ट पसरून शेजारचे दोन इलेक्ट्रोड जोडले गेले तर दोन्ही चॅनेल हुबेहूब सारखे येतात. तिथला नकाशा सपाट पडतो आणि उगमाचं गणितही बिघडतं.

उगमाच्या व्हिडिओला याशिवाय कातडी, कवटी, मेंदू असं तीन थरांचं मॉडेल लागतं. शक्यतो त्याच माणसाच्या एमआरआयवरून केलेलं. कवटीची वाहकता चुकीची धरली तर डागाची खोली सरकते. आणि उंबरठा, म्हणजे कितीच्या वरचंच मूल्य रंगवायचं ती मर्यादा, जपून ठेवा: तो वाढवत नेला की पसरट, शंकास्पद पट्टाही नेटका ठिपका होतो. बीपआधीच्या काळातही त्याच उंबरठ्यावर डाग दिसत असतील, तर तो उंबरठा कामाचा नाही.

हाताशी १९ चॅनेलचं नेहमीचं रेकॉर्डिंग असेल, तर कातडीचाच नकाशा करावा आणि त्यावर ‘व्होल्टेज’ असं ठळक लिहावं. ऑपरेशनच्या विचारासाठी स्पाइकचा उगम हवा असेल, तर किमान ६४ इलेक्ट्रोड, त्यांच्या डोक्यावर मोजलेल्या जागा आणि पेशंटचा स्वतःचा एमआरआय, एवढं जमवल्यावरच दुसऱ्या नकाशाला हात घालावा.