नोंद नसलेल्या गोष्टी : जादुई वास्तववाद आणि विज्ञानकथेमागची शंभर वर्षं

गेल्या काही वर्षांतल्या भाषांतरित कादंबऱ्या वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते. मुखपृष्ठावर ‘जादुई वास्तववाद’ (रोजच्या जगात अशक्य गोष्टी सहज घडतात तसं लेखन) छापलेलं असो की ‘विज्ञानकथा’, आतली पानं एकमेकींच्या हद्दीत खुशाल ये-जा करतात. ही नावं आली कुठून हे शोधायला गेलं, तर ती जवळजवळ पाठोपाठ जन्मलेली निघतात. १९२५ साली फ्रान्झ रो या जर्मन कलासमीक्षकाने ‘जादुई वास्तववाद’ हा शब्द वापरला तो चित्रांसाठी, कथा-कादंबऱ्यांचा त्यात संबंध नव्हता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२६ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये रेडिओचे सुटे भाग विकण्याचा धंदा केलेल्या ह्यूगो गर्न्सबॅकने फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढलं. त्याने आधी ‘सायंटिफिक्शन’ असा जोडशब्द घडवला होता. ‘सायन्स फिक्शन’ हे नाव त्याच्या मासिकांतून रुळलं ते १९२९ नंतर.

नावं मिळाली, पण जादुई वास्तववादाला जीव मिळाला तो हैतीत. क्यूबाचा लेखक आलेहो कार्पेंतिएर १९४३ साली तिथे गेला. त्याआधी अकरा वर्षं तो पॅरिसमध्ये, स्वप्नांतून कला घडवू पाहणाऱ्या अतिवास्तववाद्यांच्या सहवासात राहिला होता आणि त्यांनी ओढूनताणून घडवलेल्या चमत्कारांना विटला होता. हैतीत त्याने आंरी क्रिस्तोफ राजाच्या किल्ल्याचे आणि राजवाड्याचे अवशेष पाहिले. माकांदालची कथाही तिथलीच. गुलामांना बंडासाठी उभं करणाऱ्या या माणसाला तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या फ्रेंचांनी १७५८ साली जाहीरपणे जाळलं. जमलेल्या गुलामांची मात्र खात्री होती की तो रूप बदलून ज्वाळांतून उडून गेला. सरकारदरबारी मृत्यूची नोंद झाली आणि लोकांच्या मनात सुटकेची. कार्पेंतिएरच्या १९४९ च्या कादंबरीत या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी नांदतात, आणि तिच्या प्रस्तावनेत त्याने ‘अद्भुत वास्तव’ ही कल्पना मांडली. लॅटिन अमेरिकेत अद्भुत मुद्दाम रचावं लागत नाही, ते तिथल्या इतिहासातच आहे, असं त्याचं म्हणणं.

माझ्या मते या परंपरेचा कणा इथे आहे. ज्याची नोंद होऊ दिली गेली नाही, ते सांगायला अशक्य गोष्ट कामी येते.

कोलंबियाचा लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या १९६७ च्या कादंबरीत पिवळी फुलपाखरं आहेत, चादरींसह आकाशात जाणारी मुलगी आहे, आणि वाचकांना बहुधा तेवढंच आठवतं. पण तिच्या गाभ्याशी एक खरा गोळीबार आहे. डिसेंबर १९२८ मध्ये कोलंबियातल्या सिएनागा गावात युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी केळीमजुरांवर लष्कराने गोळ्या झाडल्या. मार्केस तेव्हा जवळच्या आराकाताकात पावणेदोन वर्षांचा होता. किती माणसं मेली यावर आजही एकमत नाही. कादंबरीत तीन हजारांवर प्रेतं आगगाडीत भरून नेली जातात, त्यातून वाचलेला माणूस गावी परततो आणि त्याला सगळीकडून एकच ऐकावं लागतं : इथे कुणी मेलंच नाही. मला चादरीवाल्या मुलीपेक्षा हा प्रसंग जास्त अविश्वसनीय वाटतो, आणि तोच वास्तवाच्या सर्वांत जवळचा आहे. हल्लीच्या बऱ्याच कादंबऱ्यांत फुलपाखरं तेवढी येतात, गाडी येत नाही. म्हणून त्या मिटल्या की विसरल्या जातात.

विज्ञानकथेवर गर्न्सबॅकपासूनच वाचकाला विज्ञान शिकवण्याची जबाबदारी होती. मराठीतही ती आली. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतलेली. अहमदाबादच्या एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना ती सुचली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. १९७५ च्या कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी तिची दखल घेतली आणि विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पान मांडलं गेलं. आमच्या पिढीला कृष्णविवर हा शब्द तिथून मिळाला, हे ऋण मोठं आहे. तरी विज्ञान समजावून देण्याच्या ओढीत आपल्याकडच्या अनेक कथांतली माणसं पातळ राहिली, असं मला वाटतं.

चीनमध्ये वेगळं घडलं. पाश्चात्त्य विचारांच्या प्रभावाविरुद्ध सरकारने चालवलेल्या १९८३ च्या ‘आत्मिक प्रदूषण’विरोधी मोहिमेत विज्ञानकथा झोडपली गेली, मासिकं बंद पडली. चेंगडूचं एक टिकलं, त्याचंच पुढे ‘खहुआन शिजिए’ झालं. वीजकेंद्रात इंजिनिअर असलेल्या लिऊ त्सिशिनची ‘तीन पिंडां’ची (इंग्रजीत ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’) कादंबरी २००६ साली याच मासिकात क्रमशः आली. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला मुलीदेखत मारून टाकलं जातं, हा प्रसंग २००८ च्या चिनी पुस्तकात मधल्या पानांत ठेवलेला होता. केन लिऊच्या इंग्रजी भाषांतरात तो सुरुवातीला आला. परग्रहवासीयांना पृथ्वीवर बोलावणारी बाई ही तीच मुलगी. इथेही अशक्य गोष्टीच्या मुळाशी दडवलेला मृत्यू आहे.

अर्जेंटिनाच्या सामांता श्वेब्लिनच्या २०१४ च्या छोट्या कादंबरीत दोन्ही वाटा एकत्र येतात. १९९६ साली तिथे तणनाशक पचवणाऱ्या जनुकबदल सोयाबीनला परवानगी मिळाली आणि फवारणी गावांच्या वेशीपर्यंत पोचली. कादंबरीत विषाचं नाव कुठेही नाही. एक वैदूबाई विषबाधा झालेल्या मुलाचा अर्धा आत्मा दुसऱ्या देहात पाठवते, आणि आई त्या उरलेल्या मुलाला घाबरू लागते. दुसरी आई सोयाबीनच्या शेताजवळ लेकीसोबत गवतावर बसते. बाजूला माणसं ट्रकमधून पिंपं उतरवत असतात. मुलीचे कपडे ओले होतात. आईला वाटतं, दव असेल.